सातवा कप्पा

जून १९८६, पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा. हजर: साहेब, शिपाई गफूरमामा, वालूरचे एक शेतकरी आबा, मातीच्या एकतीस पिशव्या, आणि मी, कनिष्ठ लिपिक, नोकरीचा पहिला दिवस. गैरहजर: प्रयोगशाळा सहायक, रजेवर. ते पुढची चार वर्षं रजेवरच होते.

ही नोंद माझ्या कामाच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. मला याद्या करायची सवय आहे. घरचे हसतात, पण सिलिंडर कधी लावला हे विचारायला माझ्याकडेच येतात. त्या दिवशी नोंदीखाली फक्त एक ओळ आहे: "साहेब विचित्र वाटतात. कारण उद्या लिहीन." ते लिहायला मला साडेसात वर्षं लागली.

परभणीला कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत आमची माती तपासणीची प्रयोगशाळा होती. शेतकरी पिशवीभर माती आणून द्यायचे, साहेब ती तपासायचे आणि जमिनीत काय आहे, काय कमी आहे, खत किती घालायचं ते सांगायचे. काम एवढंच. पण त्या सोमवारी आबांनी विचारलं, "सायब, आमच्या मातीचं काय निघालं?" तेव्हा साहेबांनी काहीच सांगितलं नाही. ते म्हणाले, "निघालंय. कशात देऊ?"

आबांनी बगलेतली कापडी पिशवी पुढे केली. "ह्याच्यात टाका की."

"तसं न्हाई, आबा. तक्त्यात देऊ, पत्रात देऊ, उर्दूत देऊ, तारेत देऊ, पुडीत देऊ का तोंडी देऊ?"

आबा माझ्याकडे बघायला लागले. मी नवी होते, म्हणून मी गफूरमामांकडे बघितलं. ते किटली घेऊन दारात उभे होते. "आबा, पुडी घ्या," ते म्हणाले. "तोंडी घेतलं तर पाठ करून घेतेत. मागच्या हप्त्यात एकाला दुपारपर्यंत सोडलं न्हाई. बिचाऱ्याची गाडी हुकली."

साहेबांच्या टेबलामागे सात कप्प्यांचं एक लाकडी फडताळ होतं, पोस्टाच्या जुन्या सामानाच्या लिलावातून आणलेलं. मातीची तपासणी झाली की उत्तर आधी मोठ्या नोंदवहीत जायचं, एकदाच, साहेबांच्या हातचं. मग ज्यानं त्यानं मागितलं त्याप्रमाणे ते एकेका कप्प्यात तयार व्हायचं. पहिल्यात तक्ते, बँकेसाठी आणि कचेऱ्यांसाठी. दुसऱ्यात पत्रं, वाचता येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी, अगदी "आपली माती मिळाली, वाचून आनंद झाला" अशा थाटाची. तिसऱ्यात उर्दू. निजामाच्या काळात शाळा शिकलेले म्हातारे तेव्हा बरेच होते. मराठी पाटी ते बोट ठेवून वाचायचे आणि उर्दू डोळे मिटत आल्यावरही वाचायचे. साहेब स्वतः त्याच शाळेतले. खिशाला दोन पेनं आणि एक बोरू, त्यामुळे शर्टाचा तो खिसा कधी पांढरा राहिला नाही. चौथ्यात तारा, ज्यांची मुलं पुण्याला नोकरीला आणि शेत इकडे, त्यांच्यासाठी, दहा शब्दांत.

पाचव्यात पुड्या. ज्वारीचा एक दाणा म्हणजे एकरी एक गाडी शेणखत, मुगाचा एक दाणा म्हणजे युरियाची एक पिशवी, उडदाचा एक म्हणजे सुपर फॉस्फेटची एक. जमिनीत चुनखड असेल तर बरोबर एक पांढरा खडा. घरी जाऊन पुडी ओट्यावर सोडायची आणि मोजायचं. सहावा कप्पा रिकामाच असायचा.

"हा रिकामा आहे," मी पहिल्याच आठवड्यात कळवलं.

"रिकामा न्हाई, ताई. तोंडी आहे."

सातव्यात गफूरमामांचा डबा असायचा. तो कप्पा कशाचा, असं विचारलं तर साहेब म्हणाले, "ते अजून कुणी मागितलं न्हाई."

त्यांचं एक तत्त्व होतं आणि त्यात ते कमालीचे कडक होते. उत्तर एकच, कपडे ज्याचे त्याचे. दुपारी चार वाजता आमची मिळवणी असायची. मी समोर बसून तक्ता वाचायची, ते पुडी ताटलीत ओतून दाणे मोजायचे, पत्र असेल तर पत्र, तार असेल तर तार. कुठे अर्ध्या पिशवीचा फरक निघाला तर सगळं रद्द, पुन्हा नोंदवहीपासून. बँकेच्या एका साहेबांनी एकदा सुचवलं, तक्त्यात पालाश जरा जास्त दाखवा, कर्जाचं प्रकरण लवकर बसतं. साहेब म्हणाले, "दाखवतो. मग त्यांच्या जमिनीत पण तेवढा घालून या, म्हणजे मिळवणीला अडचण न्हाई."

आणि कुणावर काही लादायचं नाही. कुणी "कशात बी द्या" म्हणालं तर तक्ता मिळायचा, पण देताना साहेबांचा चेहरा पडलेला असायचा. जे नाही ते नाही म्हणून सांगायचे आणि जे आहे त्याची यादी द्यायचे. एका पोरानं बापाच्या शेताचं उत्तर फोटोत मागितलं. "फोटोत न्हाई आपल्याकडं. तक्ता, पत्र, उर्दू, तार, पुडी, तोंडी. ह्यातलं सांग." कृषी विद्यापीठातला एक विद्यार्थी इंग्रजीत मागायला आला, तर म्हणाले, "इंग्रजीत आहे, पण सकाळी अकरापर्यंत. नंतर माझं इंग्रजी दमतं." पोरगा दुसऱ्या दिवशी साडेनऊला हजर. त्याला मिळालं, आणि व्याकरण चांगलं होतं.

कचेरीबाहेरही तेच. त्यांना कुणी वेळ विचारली तर म्हणायचे, "कशात सांगू? घड्याळात का गाडीत?" गाडीत म्हटलं तर सांगायचे, मनमाडची जाऊन पाव तास झाला. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांनी सहाही प्रकारांत दिलं. आम्हा दोघांना कचेरीत तोंडी मिळालं आणि मुहूर्त तीनदा म्हणून दाखवावा लागला. गफूरमामा एका मिनिटानं चुकले, त्यांना परत घ्यावं लागलं.

आता माझी चूक. ती माझ्या वहीत लाल शाईनं आहे.

साहेबांचा नियम होता की पाकिटावर "आत:" असं लिहून पुढे आत काय आहे ते लिहायचं. आत: तक्ता. आत: पत्र. वालूरच्या आबांनी दुसऱ्या वर्षी माती शेजाऱ्याच्या हाती पाठवली आणि उत्तर पुडीत मागवलं. मी पुडी बघितली. आत ज्वारी होती, मूग होते, उडीद होता. मी नियमाप्रमाणे लिहिलं, "आत: बियाणे."

महिन्याभरानं आबा आले, खुशीत.

"सायब, तुमचं वाण उगवलं. पण लय कमी देता बघा. बांधाच्या कडंला जागा करून पेरलं, काट्या लावल्या, रोज दोन तांबे पाणी घालायलोय."

साहेबांनी नोंदवही काढली. "काय काय उगवलं?"

"ज्वारीचे आठ आलेत. मूग दोनीबी आलेत. उडीद काय आला न्हाई."

"दहा ज्वारी होत्या. एक उडीद होता." साहेबांनी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आबा, तुम्ही उत्तर पेरलंत."

आबांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर ते हसले नाहीत. त्यांची शंका वेगळीच होती. "मग उडीद उगवला न्हाई म्हंजे सुपर घालायचं का न्हाई?"

"घालायचं. उडीद किडका होता, उत्तर किडकं न्हाई."

आबांना ते तोंडी देऊन, तीनदा म्हणवून वाटेला लावलं. मी रडायच्या बेतात होते. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही खोटं न्हाई लिहिलं. आत काय आहे ते लिहिलं. ते काय म्हणून वाचायचं हे लिहायचं राहिलं." तेव्हापासून पुडीवर "आत: उत्तर, दाण्यांत. मोजावे, पेरू नये" असं लिहायची पद्धत पडली. शिवाय खात्री म्हणून दाणे भाजून भरायचे ठरलं. ती पद्धत तीन आठवडे टिकली, कारण भाजलेल्या दाण्यांचा वास कचेरीभर सुटायचा आणि एकदा मिळवणीला दोन गावांची उत्तरं कमी भरली. गफूरमामांनी चहाबरोबर खाल्ली होती. "मला वाटलं शिल्लक हायेत," ते म्हणाले.

वरून आदेश आला तो १९९० सालच्या उन्हाळ्यात. बरोबर छापील तक्त्यांचे दहा गठ्ठे. यापुढे उत्तर फक्त छापील तक्त्यात द्यावे. साहेबांनी आदेश वाचला, सही केली आणि पाळला. फक्त येणाऱ्याला ते अजूनही विचारायचे, "कशात देऊ?" आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायचे, "तक्त्यात." मी म्हटलं, मग विचारता कशाला? म्हणाले, "विचारायला बंदी न्हाई, ताई. नीट वाचा."

त्यानंतर पंधरा दिवसांनी विभागाचे मोठे साहेब आदेश पाळला जातो का ते बघायला जीपनं आले. ते साहेबांच्या खुर्चीत बसले, साहेब स्टुलावर. मी नोंदवह्या मांडल्या. गफूरमामांनी पुडीचे डबे चहाच्या सामानात मिसळून ठेवले, तेव्हा मूग आणि साखर शेजारी शेजारी होती. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या, हातात चौघडी केलेला तक्ता.

त्या चुडाव्याच्या धुरपताबाई. गावच्या बौद्धवाड्यातल्या. नवरा असताना दोघांनी गायरानातली तीन एकर फोडून कसली होती. तो गेल्यावर ती जमीन नावावर करून घ्यायला त्यांनी तहसिलीत अकरा खेपा घातल्या होत्या, आणि ती झाली होती. त्यांची माती आमच्याकडे आली होती आणि नव्या आदेशाप्रमाणे उत्तर टपालानं गेलं होतं.

"सायब, माजी जमीन मेली मनायलेत."

"कोण म्हणतं?"

"शेजारचे धनी. हा कागद त्यांनीच वाचून दाखवला. हितं बोट ठेवलं आन् मनले, बघ, क्षार लिवलाय, दोन सालात पांढरी पडती. माळावरची दीड एकर घे आन् ही मला दे. उद्या हितंच परभणीला कागद करायचाय. मी आंगठा द्यायच्या आधी मनलं इचारून यावं, खरंच मेली का."

मी तक्ता हातात घेतला. "क्षारता" असं रकान्याच्या डोक्यावर छापलेलं होतं. ते सगळ्यांच्याच तक्त्यावर छापलेलं होतं, गठ्ठेच्या गठ्ठे. त्याखाली पेनानं लिहिलेला आकडा ०.३ होता, म्हणजे क्षार नसल्यातच जमा. जमीन उत्तम होती.

साहेबांचा हात सवयीनं मुगाच्या डब्याकडे गेला आणि थांबला. ते मोठ्या साहेबांना म्हणाले, "साहेब, तक्ता आपला आहे. आपणच सांगावं बाईंना."

मोठ्या साहेबांनी चष्मा लावला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्पष्ट आवाजात वाचलं, "सामू सात पूर्णांक आठ. क्षारता शून्य पूर्णांक तीन. सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक पाच."

धुरपताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे हरभरा येतो का न्हाई?"

मोठ्या साहेबांनी हरभऱ्याचा रकाना शोधला. मग तक्ता उलटा करून बघितला. मागे कोरं होतं. "हे याच्यावरून काढता येतं," ते म्हणाले.

"मग काढा की."

"साब, चहा," गफूरमामा म्हणाले.

"जमीन चांगली आहे, बाई," मोठे साहेब शेवटी म्हणाले.

"तुमी मनता चांगली. ते मनतेत मेली. दोघं बी ह्याच कागदातून मनायलेत. मी कुणाचं धरू?"

मी त्या प्रश्नाचीही नोंद केली आहे, वेळेसकट: अकरा दहा. मग साहेब स्टुलावरून उठले आणि मोठ्या साहेबांच्या देखत त्यांनी विचारलं, "बाई, कशात देऊ?" आणि या खेपेला पुढे "तक्त्यात" म्हटलं नाही.

"मला कळंल असं द्या. आन् त्यांना फिरवता येणार न्हाई असं."

"तोंडी देतो. माझ्यामागून म्हणा. खार न्हाई."

"खार न्हाई."

"चुनखड थोडी. हरभरा येतो, ज्वारी येती, करडई लय चांगली येती. शेणखत एकरी आठ गाड्या, सुपरची पिशवी एक."

धुरपताबाईंनी एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा शेणखतापाशी अडकल्या, तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "आठ गाड्या." मोठ्या साहेबांनीच सांगितलं होतं. लक्षात आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आन् त्यांनी बोट ठेवलं ते?" धुरपताबाईंनी विचारलं.

"तो शब्द छापील आहे, बाई. त्यांच्या तक्त्यावर पण आहे. शब्दाखालचा आकडा बघायचा असतो."

"त्यांच्या जमिनीचा आकडा किती हाय?"

"ते त्यांनी विचारलं तर त्यांना सांगीन. कशात पाहिजे ते विचारून."

बाई पहिल्यांदा हसल्या. पण निघाल्या नाहीत. "सायब, तोंडी हाय ते ठीक. पण माझं तोंड ते कुठं ऐकतेत? मला कागदावर बी द्या. मला सोताला वाचता येईल असा. मी वाचून त्यांच्यापुढं ठेवीन."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

साहेब कधीच अडायचे नाहीत. "त्यात न्हाई आपल्याकडं" म्हणायला त्यांना क्षण लागत नसे. त्या दिवशी ते तसं म्हणाले नाहीत. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि पहिलीच्या पुस्तकात असतात एवढ्या मोठ्या अक्षरांत तेच उत्तर लिहिलं. ओळी सहा. मिळवणी मी तिथेच केली. पाकिटावर त्यांनी लिहिलं, "आत: पत्र. वाचणार: स्वतः."

"हे हितं राहील. तुम्हाला वाचायला येईल तवा मागा. कुणाच्या हाती देणार न्हाई, तुमच्याच हाती."

गफूरमामांनी कुणी न सांगता सातव्या कप्प्यातला डबा काढून खिडकीत ठेवला. तो पुढे कायम खिडकीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईंनी अंगठा दिला नाही. हिवाळ्यात त्या हरभऱ्याचे डहाळे घेऊन आल्या, त्यावरून आम्हाला कळलं.

मोठ्या साहेबांनी मात्र शेरा लिहिला तो लिहिलाच: तक्त्याशिवाय इतर सर्व प्रकार बंद, संबंधितांना कळवावे. ते जीपमध्ये बसत असताना साहेब खिडकीशी गेले. "साहेब, संबंधितांना कशात कळवू?"

मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "ते तुम्ही बघा," ते म्हणाले आणि जीप गेली.

साहेबांनी बघितलं. बंदीचा आदेश सहाही प्रकारांत निघाला. तक्ता एका चौकोनाचा. पत्र दिलगिरीचं. उर्दूत तो इतका सुरेख उतरला की एका म्हाताऱ्यानं तो चौकट करून लावला. तार आठ शब्दांची, दोन शिल्लक. तोंडी घेणाऱ्यांकडून "आता तोंडी मिळणार नाही" हे तीनदा म्हणवून घेतलं. आणि पुडीवाल्यांना गेली रिकामी पुडी.

पुढच्या सोमवारी दारात रांग होती. "सायब, पुडी मोकळी निघाली. आमच्या जमिनीत काहीच न्हाई का?" वालूरचे आबा सगळ्यांत पुढे होते. "औंदा पेरायला बी काही न्हाई," ते म्हणाले. प्रत्येकाला आदेश समजावून सांगावा लागला, आणि तो समजावताना त्याच्या जमिनीचं उत्तरही सांगितलं जायचं. साहेबांनी त्यासाठी वेगळी वही केली. तिच्यावर लिहिलं, "आदेशाची अंमलबजावणी." ती अंमलबजावणी साहेब निवृत्त होईपर्यंत, पुरती दोन वर्षं, रोज चालू होती, आणि तपासणीला ती वही फार चांगली दिसायची.

१९९२ साली ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला किल्ल्या दिल्या, बोरू दिला आणि सातवा कप्पा दाखवला. आता ते मुलीकडे असतात. दर दिवाळीला त्यांचं कार्ड येतं. त्यावर एकच शब्द असतो, "सातवा?" मी उत्तर लिहिते, "आहे."

या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी चुडाव्याहून एक कार्ड आलं. गावात रात्रीचे साक्षरतेचे वर्ग सुरू झाल्याचं मी ऐकून होते. अक्षरं मोठी, ओळ उजवीकडे चढत गेलेली, सहीच्या जागी अंगठा नाही, नाव. "माझं पाकीट द्या. धनी परत कागद घेऊन आलेत. आता मी वाचते. धुरपता."

दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला आणि गावोगाव वातावरण तापलं. तेव्हापासून एसट्या बंद आहेत आणि गाडीचं नक्की कुणी सांगत नाही. स्टेशनवर मी दोनदा जाऊन आले. टपालानं पाठवता येणार नाही. हातात द्यायचं आहे, तसं ठरलेलं आहे. गफूरमामा म्हणाले, मी सायकलनं जातो. त्यांचं वय बघता मी नको म्हटलं, तर त्यांना राग आला आहे.

आजची यादी. एक, रेशनचं रॉकेल. दोन, साहेबांना कार्ड. तीन, चुडावा, धुरपताबाई, हातात. पहिल्या दोनांवर खूण झाली आहे. साहेबांच्या कार्डावर मी या खेपेला "आहे" लिहिलं नाही. "मागितलं" असं लिहिलं. तिसऱ्याची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.